जुन्या ऑनलाइन गेममधला त्रास: कोणता काढावा, कोणता राहू द्यावा

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसणार नाही. तुम्ही 2008 ते 2012 वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) हा हजारो जणांनी एकाच जगात खेळायचा ऑनलाइन गेम खेळलात. इतक्या वर्षांनी परत आलात तर बटण दाबलं की डंजन (पाच जणांनी मिळून सर करायची राक्षसांची गुहा), चार अनोळखी सोबती, बघता बघता शेवटचा बॉस, म्हणजे तिथला मोठा राक्षस, पडलेला आणि कोणी 'हाय'सुद्धा म्हणत नाही. वैतागून क्लासिक सर्व्हरवर गेलात, जिथे गेम जुन्या रूपात चालतो. तिथे एका डंजनसाठी माणसं जमवण्यातच दोन तास गेले, आणि आत पाऊल टाकताय तोच पोरगी झोपेतून उठली. म्हणून तुमचा सवाल: या कंपन्यांना वीस वर्षांत मधला मार्ग कसा सापडला नाही?

मी नऊ वर्षं अशाच एका जुन्या ऑनलाइन आरपीजीच्या (आपलं पात्र वाढवत नेण्याच्या गेमच्या) लाइव्ह टीममध्ये, म्हणजे चालू गेम सांभाळणाऱ्या टीममध्ये, सिस्टीम डिझायनर, म्हणजे गेमचे नियम ठरवणारा, होतो. गेम परदेशी कंपनीचा, निम्मी टीम पुण्यात. नाव सांगत नाही, कारण पुढे आमच्या चुकाही सांगणार आहे. लाइव्ह टीमचं काम जुना वाडा राखण्यासारखं असतं. नवं बांधायला कोणी पैसे देत नाही, गळतंय ही तक्रार मात्र रोज येते. आणि एखादी भिंत काढायची म्हटली की आधी वर चढून बघावं लागतं, तिच्यावर कुठली तुळई टेकलीय का. हे वर चढून बघणं आम्ही दरवेळी केलं असं नाही.

'मधला मार्ग' म्हणताना तुम्ही एकच रस्ता धरून चाललाय, एका टोकाला कठीण आणि दुसऱ्या टोकाला सोपं. प्रत्यक्षात 'पूर्वी गेम कठीण होता' असं आपण म्हणतो तेव्हा एकाच गोणीत बरेच वेगळे त्रास भरलेले असतात. बॉसचा वार चुकवायला बोटं आणि डोकं लागतं, हा एक. दुसरा वेळेचा: चालत जा, बोटीची वाट बघा, मेलात तर पुन्हा सगळं अंतर कापा. तिसरा माणसांचा: हीलर (जखमा भरणारा) मिळेना, टँक (पुढे उभा राहून मार झेलणारा) रुसला, कोणाच्या घरची लाइट गेली. आणि एक माहितीचा. ती गुहा नेमकी कुठे आहे, आतला राक्षस कशाला घाबरतो, हेच मुळात कोणाला ठाऊक नसायचं.

यातला माहितीचा त्रास संपला तो संपलाच. विकी आणि व्हिडिओ आल्यावर कुठलाही डेव्हलपर तो परत आणू शकत नाही. वॉवमधल्या मोल्टन कोअर या रेडचंच (मोठ्या जमावाने करायच्या डंजनचं) बघा. वॉव 2004 च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि मोल्टन कोअरच्या तळाचा बॉस रॅग्नारॉस पहिल्यांदा पडला तो 2005 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्यात तयारीच्या गिल्डलाही (खेळाडूंच्या कायमच्या टोळीलाही) पाचेक महिने लागले. 2019 च्या ऑगस्टअखेर क्लासिक सुरू झालं, आणि तोच रॅग्नारॉस आठवड्याच्या आत आडवा. खरं सांगायचं तर तुलना अगदी बरोबरीची नाही. क्लासिकमध्ये जुन्या वॉवच्या शेवटच्या पॅचची (अपडेटची) टॅलेंट, म्हणजे पात्रांची वाढीव कौशल्यं, होती, त्यामुळे पात्रं मूळच्यापेक्षा तगडी होती. पण खरा फरक खुर्चीत बसलेल्या माणसात पडला होता. त्याला पंधरा वर्षांचा पेपर आधीच फुटलेला होता.

तेव्हा जुने आकडे परत आणले की जुना कठीणपणा परत येतो, हा समज सोडून द्या. क्लासिकवर तुम्हाला जे परत मिळालं ते वेळेचा आणि माणसांचा त्रास. तुम्हाला आवडलं तेही तिथेच होतं आणि ज्याने तुमची संध्याकाळ खाल्ली तेही तिथेच.

आता गेम म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते सांगतो, कारण बाहेरून हे दिसत नाही. नव्या गेममध्ये सगळेच पहिलीत असतात. दहा वर्षांनी तोच गेम गावातल्या त्या शाळेसारखा होतो, जिथे दहावीचा वर्ग भरलेला आणि पहिलीचा पट दोनवर आलेला. गेमच्या सुरुवातीच्या भागाचे सगळे नियम मात्र भरलेला वर्ग गृहीत धरून लिहिलेले असतात. 'या राक्षसाला सहा जणांनी मारायचं' हे वाक्य 2003 मध्ये आव्हान असतं. 2013 मध्ये तेच दरवाजावर लावलेलं कुलूप ठरतं, कारण उरलेले पाच जण जगात नसतातच.

फायनल फँटसी 11 हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. जपानमध्ये 2002 च्या मे महिन्यात आला, प्लेस्टेशन 2 वर. दहाव्या लेव्हलच्या आसपास पोचलात की वॅल्कर्म ड्यून्स नावाच्या वाळवंटी किनाऱ्यावर जायचं आणि सहा जणांची पार्टी करायची. एकट्याने पुढे जाणं जवळपास अशक्य. मेलात की एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) कापला जायचा, कधी कधी कमावलेली लेव्हलच खाली यायची. पुढे ज्यूनो शहरात 'मला पार्टी हवी' असा झेंडा लावून लोक तासन् तास उभे असायचे. व्हाइट मेज (हीलर) किंवा बार्ड (गाण्यांनी सोबत्यांचं बळ वाढवणारा) असाल तर लगेच बोलावणं, आणि नुसता मारामारी करणारा असाल तर तुमचा नंबर कधी लागेल ते देव जाणे. चांगली पार्टी जमली की मात्र तीन-चार तास कोणी जागचं हलत नसे. त्या तासांमध्ये झालेल्या मैत्र्या आजही टिकून आहेत, असं सांगणारे खेळाडू मला भेटलेत.

मग पहिलीचा पट घटला. गेमची कंपनी स्क्वेअर एनिक्सने 2008 मध्ये लेव्हल सिंक आणलं, म्हणजे वरच्या लेव्हलचा खेळाडू खालच्यांच्या पातळीवर उतरून त्यांच्याबरोबर खेळू शकेल. ही सोय मला फार आवडते, कारण ती माणसांना माणसांकडे नेते. पण वरची माणसं खाली यायलाच तयार नसतील तर ती पुरी पडत नाही. म्हणून 2013 च्या डिसेंबरमध्ये ट्रस्ट आले: गेममधलीच पात्रं मंत्राने बोलवायची, ती तुमच्या पार्टीत हीलर, टँक म्हणून उभी राहतात. जुन्या मंडळींनी यावर बरंच तोंडसुख घेतलं. मी त्या टीमच्या जागी असतो तरी हेच केलं असतं. त्यातली एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: ट्रस्ट पार्टीतल्या सहा जागांमध्येच मोजले जातात. जिवंत माणूस आला की एका ट्रस्टची जागा जाते. म्हणजे सोय आहे, पण ती पाहुण्याच्या खुर्चीत बसलेली आहे. वीस वर्षं उलटून गेली तरी तो गेम चालू आहे.

सोय म्हणजे आळशांचे लाड, असं जुने खेळाडू म्हणतात. माझा अनुभव वेगळा. म्हाताऱ्या गेममधली बहुतेक सोय ही निघून गेलेल्या माणसांच्या जागी लावलेली टेकू असते. गडबड होते ती माणसं अजून तिथेच असताना टेकू लावला की.

आमच्या गेममधली गोष्ट. दोन बंदरांच्या मधे एक फेरी चालायची. ती यायला आणि पलीकडे पोचायला मिळून वीसेक मिनिटं जायची, आणि त्या वीस मिनिटांत करण्यासारखं काहीही नव्हतं. तक्रारींच्या यादीत फेरी कायम वरच्या पाचात. आम्ही दोन्ही बंदरांवर पोर्टल (पाऊल टाकलं की पलीकडे पोचवणारं दार) ठेवलं. पॅचच्या दिवशी इतकं कौतुक झालं की आमच्या प्रोड्युसरने टीमला बिर्याणी खिलवली. सहा महिन्यांनी वेगळ्याच कामासाठी गिल्डच्या नोंदी चाळताना दिसलं की नव्या खेळाडूंना गिल्डमध्ये घेण्याचं प्रमाण उतरलंय. कारण शोधायला मला बराच वेळ लागला. धक्क्यावर वाट बघत उभे असलेले जुने खेळाडू कंटाळून शेजारच्या नवख्याशी बोलायचे. त्याची फाटकी ढाल बघून एखादी जुनी ढाल द्यायचे, 'आमच्यात येतोस का' विचारायचे. त्या रिकाम्या वीस मिनिटांत आमच्या गेमची भरती चालू होती आणि ती कुठल्याही डिझाइनच्या कागदावर लिहिलेली नव्हती.

लाजिरवाणी गोष्ट ही की याचा धडा आधीच गिरवून ठेवलेला होता. एव्हरक्वेस्ट हा असाच गेम 1999 चा. त्यात लांबचा प्रवास करायचा तर ड्रुइड किंवा विझर्ड या जातीचा खेळाडू शोधायचा, त्याला चार नाणी द्यायची, तो तुम्हाला उडवून नेणार. मेलात तर सगळं सामान प्रेतावरच राहायचं. ते आणायला उघड्या अंगाने परत जा, नाहीतर नेक्रोमॅन्सरला विनवण्या करा की बाबा, माझं प्रेत इथे ओढून दे. गेलेला एक्सपी परत हवा तर क्लेरिकच्या पाया पडा. भारी सामान देणारे राक्षस ठरावीक जागी यायचे आणि तिथे खेळाडू स्वतःच नंबर लावायचे, यादी ठेवायचे, 'पुढचा कोण' हे आपसात ठरवायचे. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून चहाला गेलेल्या माणसाची जागा जशी सगळे मान्य करतात, तसा प्रकार. मग 2002 च्या ऑक्टोबरमध्ये प्लेन्स ऑफ पॉवर हे विस्तारपॅक आलं आणि त्यासोबत प्लेन ऑफ नॉलेज हे शहर. तिथल्या पुस्तकांवर क्लिक केलं की थेट दूरदूरच्या शहरांपाशी. प्रवास सुटसुटीत झाला आणि ड्रुइड-विझर्डांचा टांग्याचा धंदा बसला. सहा वर्षांनी, 2008 मध्ये, पैसे मोजून भाड्याने घ्यायचे मर्सिनरी आले, टँकचं नाहीतर हीलरचं काम करणारे. मर्सिनरींची तेव्हा गरज होती, माणसं खरंच कमी झाली होती. पुस्तकांबद्दल मात्र मला अजून खात्री वाटत नाही. गेम ऐन भरात होता तेव्हा.

आता तुमच्या वॉवकडे येतो. डंजन फाइंडर 2009 च्या डिसेंबरमध्ये, 3.3 पॅचमध्ये आला. तुम्ही तेव्हा खेळत होतात, म्हणजे आधीचं आणि नंतरचं दोन्ही तुम्ही पाहिलंय. आधी शहराच्या चॅटमध्ये ओरडायचं, पाच जण जमवायचे, त्यातल्या दोघांनी दारापर्यंत जाऊन जादूच्या दगडापाशी उभं राहून बाकीच्यांना ओढून घ्यायचं. नंतर एक बटण. लोक बटणाला शिव्या देतात, पण माझ्या मते बटण निर्दोष आहे. त्याच्यासोबत दुसऱ्या दोन गोष्टी आल्या त्यांनी घात केला. एक, डंजनच्या दारात थेट नेऊन सोडणं, त्यामुळे डंजनबाहेरचं जग खेळाडूला दिसेनासं झालं. दुसरी आणि जास्त वाईट, वेगवेगळ्या सर्व्हरवरची माणसं एकत्र आणणं. एकाच सर्व्हरवर असताना सामान लाटणाऱ्याचं नाव आठवड्याभरात सगळ्यांना कळायचं. उद्या पुन्हा भेटणार नसलेल्या माणसाशी नीट वागायचं कारणच उरत नाही.

त्यानंतर जे झालं ते मी नव्या डिझायनरांना नेहमी शिकवायचो. डिसेंबर 2010 मध्ये कॅटॅक्लिझम हे वॉवचं विस्तारपॅक आलं आणि त्यातली हिरोइक (वरच्या पातळीची) डंजन मुद्दाम कठीण ठेवली होती. कठीण डंजन आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले पाच अनोळखी. बॉसने एकदा पाडलं की टँक बाहेर, दुसऱ्यांदा पाडलं की हीलर बाहेर, की पुन्हा रांगेत. जानेवारी 2011 मध्ये ग्रेग स्ट्रीट या वॉवच्या प्रमुख सिस्टीम डिझायनरने मोठा ब्लॉग लिहून डंजन कठीण का आहेत याचं समर्थन केलं. पुढच्या महिन्यांत ती डंजन हळूहळू सोपी होत गेली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये रेड फाइंडर आला, त्यात रेडची मुद्दाम सौम्य केलेली आवृत्ती.

स्ट्रीटचं डंजनांबद्दलचं मत चुकीचं होतं असं मला वाटत नाही. डंजन चांगली होती. पण माणसं कशी गोळा होतात यावर किती कठीण ठेवणं परवडेल ते ठरतं. तीन वर्षं एकत्र खेळणाऱ्या पाच जणांना तुम्ही दहा वेळा पाडा, ते हसत अकराव्यांदा जातील. रांगेतून आलेल्या पाच जणांचा एकमेकांवर दोन वेळा मरण्याइतकाही भरवसा नसतो. तुम्ही गोळा करायची पद्धत सोपी केली की लढाई सोपी करावीच लागते, आज नाही तर सहा महिन्यांनी. तुम्हाला गेम 'स्वतःच स्वतःला खेळतो' असं वाटलं त्याचं मूळ इथे आहे.

वॉवची कंपनी ब्लिझार्डने यातून काढलेली वाट म्हणजे मजले. एकच रेड, पण तिच्या चार पायऱ्या, तळाला रेड फाइंडर आणि वर मिथिक. डंजनसाठी 2016 पासून मिथिक प्लस, ज्यात किल्लीचा आकडा वाढेल तसा कठीणपणा वाढतो. आजच्या वॉवचा वरचा मजला तुमच्या काळापेक्षा कितीतरी कठीण आहे, हे तुम्ही खालच्या मजल्यावरूनच परत गेलात म्हणून दिसलं नाही. पण मजल्यांची किंमतही आहे. तोच बॉस चार वेळा भेटला की त्याची भीती जाते. खालच्या मजल्यावर शेवट बघून झालेला असतो, मग वरच्या मजल्यावर लोक फक्त आकड्यासाठी चढतात.

मग वॉवने सोय काढूनच टाकायची ना? प्रयत्न झालेत. 2015 मध्ये ब्लिझार्डने ड्रेनॉर या नव्या प्रदेशात उडायला मिळणार नाही असं सांगितलं. कारण पटण्यासारखं होतं: उडणारा माणूस खालचं काहीच बघत नाही. इतका गदारोळ झाला की काही आठवड्यांतच शब्द फिरवावा लागला. निघालेली तडजोड मात्र उत्तम होती: आधी सगळा प्रदेश पायी पालथा घाला, कामं पुरी करा, मग उडा. दुसरा प्रयत्न 2022 चा. रॅथ क्लासिक, म्हणजे तुमच्या काळातल्या विस्तारपॅकची क्लासिक आवृत्ती, सुरू झालं ते मुद्दाम डंजन फाइंडरशिवाय. 2023 मध्ये तो परत आलाच. दिलेली सोय काढून घेणं म्हणजे चाळीत एकदा घरोघर नळ दिल्यावर पुन्हा सार्वजनिक नळावर पाठवणं. नळावरच्या गप्पांची आठवण सगळे काढतील, पण हंडा घेऊन कोणी जाणार नाही. म्हणूनच आम्ही फेरीचं पोर्टल बंद केलं नाही. निदान एकदा फेरीने गेलेल्यालाच पोर्टल वापरता येईल असं केलं, आणि फेरीवरच मिळणारा एक मासा ठेवला, ज्याचा रस्सा रेडमध्ये लागतो. धक्का पूर्वीसारखा गजबजला नाही. पण आठवड्यातून रेडच्या आदल्या रात्री तिथे गर्दी व्हायला लागली, आणि गळ टाकून बसलेला माणूस बोलतो.

ज्या गेमनी हे गणित बरं सोडवलं, त्यांच्यातलं माझं आवडतं ओल्ड स्कूल रुनस्केप. ऑगस्ट 2007 च्या बॅकअपवरून 2013 मध्ये तो पुन्हा उभा केला आणि मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाने करायचे ठरलं. साधं बहुमत चालत नाही, आधी 75 टक्के लागायचे, 2022 पासून 70. त्यात एका कौशल्यात 99व्या लेव्हलला पोचायला 1,30,34,431 एक्सपी लागतो आणि 92व्या लेव्हलला तुम्ही जेमतेम निम्म्यावर असता. हा आकडा कोणी कमी केला नाही. ज्याने तो घासून मिळवलाय त्याची सगळी इज्जत त्यातच आहे. त्यांनी केलं काय, तर 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तोच गेम मोबाइलवर दिला. किंमत तीच, हप्ते बारीक. ठाण्याहून दादरला उभ्याने जाताना चार झाडं तोडून होतात. वेळेचा त्रास कमी करायचा तर आकडा कापण्याआधी माणूस तो वेळ कुठे बसून घालवतो हे बदलता येतं का ते बघावं, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

त्याच गेममधला आयर्नमॅन. ऑक्टोबर 2014 मध्ये हा प्रकार अधिकृत झाला: कोणाशी देवघेव नाही, सगळं स्वतःच्या हाताने. काही महिन्यांतच, 2015 च्या सुरुवातीला, मतदानाने ग्रँड एक्स्चेंज आलं, म्हणजे बसल्या जागी सगळी खरेदी-विक्री. ज्यांना बाजाराची सोय हवी होती त्यांना ती मिळाली, ज्यांना नको होती त्यांच्या नावापुढे एक छोटं शिरस्त्राण दिसतं. ते शिरस्त्राण फार महत्त्वाचं. एखाद्याला उपास करायचा असेल तर करू दे, पण त्याने तो केलाय हे चारचौघांत दिसलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोही वडापाव खाणार.

फायनल फँटसी 14 ने रिकाम्या पहिलीच्या वर्गावर काढलेला तोडगाही तुम्हाला माहीत असू दे. ड्यूटी रुलेटमध्ये जुन्या खेळाडूला रोज एक कुठलं तरी डंजन मिळतं, बऱ्याचदा अगदी सुरुवातीचं, त्याची लेव्हल खाली आणून. पुरं केलं की बक्षीस. वर पार्टीत कोणी ते डंजन पहिल्यांदाच करत असेल तर सगळ्यांना जादा. त्यामुळे नवखा आला की जुन्यांच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत, उलट तो आला याचा आनंद होतो. रांग इथेही आहे, अनोळखी माणसं इथेही आहेत. फक्त नवखा असणं ओझं न राहता कमाई झाली. (लेव्हल खाली आली की निम्मे वार गायब होतात आणि माणूस दोन बटणं दाबत बसतो, ही तक्रार खरी आहे.)

एक गोष्ट पटकन सांगून टाकतो, कारण यावर लिहायला बसलो तर थांबणार नाही. रस्ता वगळायचे पैसे घ्यायला लागलं की कंपनीचा रस्त्यातला रस संपतो. 2014 मध्ये वॉवने 60 डॉलरला थेट 90व्या लेव्हलचं पात्र विकायला काढलं, त्याआधी आणि नंतरही अनेकांनी असंच काही विकलं. आमच्याकडेही हा ठराव आला होता आणि मी विरोधात होतो, हरलो. त्यानंतर पहिल्या वीस लेव्हलच्या दुरुस्तीसाठी मागितलेला प्रत्येक तास 'तो भाग लोक विकत घेऊन टाळतातच' या कारणाने नाकारला गेला.

बरं, हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही कबूल करतो. सर्व्हरवर गर्दी किती, हे पहिलं. तीन हजार माणसं एका वेळी असतील तर हाताने पार्टी जमवणं मजेचं, तीनशे असतील तर शिक्षा. म्हणून सगळ्यात जालीम उपाय म्हणजे सगळ्यांना पुन्हा पहिलीत बसवणं. एव्हरक्वेस्टने 2006 पासून असे सर्व्हर काढलेत जे पहिल्या दिवसापासून सुरू होतात आणि विस्तारपॅक एकेक करून उघडत जातात. वॉवचे क्लासिक सीझन, 2023 चे एकदाच मरण असलेले हार्डकोर सर्व्हर, 2024 च्या नोव्हेंबरमधले विसाव्या वाढदिवसाचे सर्व्हर, सगळे त्याच जातीचे. जत्रेसारखं आहे हे. महिनाभर पाय ठेवायला जागा नसते, नंतर पाळणे उतरवून ट्रकमध्ये जातात. तुम्ही गेलात त्या सर्व्हरवरची जत्रा बहुधा उठलेली होती.

दुसरी गोष्ट घड्याळाची, आणि ही आपल्याकडच्या खेळाडूंना जास्त चावते. युरोपच्या सर्व्हरवर हिवाळ्यात रात्री आठची रेड म्हणजे आपल्याकडे साडेबारा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची रात्री आठची रेड म्हणजे आपली सकाळ साडेसहा, उन्हाळ्यात साडेपाच. रेड संपवून खाली दूध आणायला जाणारे लोक मला माहीत आहेत. आपल्या संध्याकाळी, म्हणजे तुमची पोरगी झोपल्यावर, तिकडच्या सर्व्हरवर एकतर दुपार असते नाहीतर सकाळ, आणि जग निम्मं रिकामं. डंजन फाइंडरला शिव्या देणारे बहुतेक जण गर्दीच्या वेळेला खेळणारे असतात. तुमच्या-माझ्यासारख्या आडवेळी येणाऱ्याला तो बऱ्याचदा एकमेव दरवाजा असतो.

2013 च्या ब्लिझकॉनमध्ये (ब्लिझार्डच्या मेळाव्यात) एकाने जुने सर्व्हर मागितले तेव्हा ब्लिझार्डचे जे. ॲलन ब्रॅक म्हणाले होते की तुम्हाला वाटतं तुम्हाला हे हवंय, पण खरं तसं नाही. सहा वर्षांनी क्लासिक आलं आणि त्यावर उड्या पडल्या, त्यामुळे बिचाऱ्यांचं ते वाक्य लोक अजून ऐकवतात. मला विचाराल तर ते निम्मे बरोबर होते. लोकांना जुनी माणसं आणि जुनी गर्दी हवी होती. चिखलातून चालत जाणं त्यासोबत आलं म्हणून चाललं.

आता तुमचं काय. तुमच्याकडे रात्री साधारण दीड तास असतो आणि तो मधेच तुटू शकतो, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तेव्हा हीलर किंवा टँक घेऊ नका. 'हीलर घे, लगेच पार्टी मिळेल' हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील आणि तो खरा आहे, पण पोरगी रडली आणि हीलर उठून गेला की चार जण मरतात. जुन्या गिल्डच्या मागेही लागू नका, त्यांच्या रेडच्या वेळा तुम्हाला झेपणार नाहीत.

पुढचा नवा क्लासिक सर्व्हर उघडेल त्या पहिल्या आठवड्यात जा आणि मेज किंवा वॉरलॉक (दोन्ही जादूगार) घ्या. फाइंडर नसलेल्या जगात सोय म्हणजे एखादा माणूसच असतो, आणि तो माणूस तुम्ही होऊ शकता. मेजने जादूने काढलेलं पाणी प्रत्येक हीलरला लागतं. वॉरलॉक 20व्या लेव्हलपासून दोघांच्या मदतीने लांबच्या माणसाला ओढून आणतो, आणि मूळ क्लासिकमध्ये डंजनच्या दारातले दगड ते काम करत नाहीत, म्हणून त्याला मागणी. 40व्या लेव्हलला मेजला शहरांची पोर्टल मिळतात. मग ज्या रात्री डंजन करायला वेळ नसेल त्या रात्री ऑर्ग्रिमार नाहीतर आयर्नफोर्जच्या बँकेपाशी उभं राहायचं, चॅटमध्ये 'पोर्टल, काय द्याल ते द्या' असं टाकायचं. अर्ध्या तासात दहा जण येतील, त्यातले दोघे बोलतील, एखादा दोन दिवसांनी नावाने हाक मारेल. पोरगी मधेच उठली तर लॉगआउट करा. बँकेपाशी उभं असताना कोणी मरत नाही.